डावीकडेच वळणारी धाकटी

पन्नाशी उलटली, निम्मे केस पिकले, मुलगी सासरी जाऊन तिथे रुळलीसुद्धा. तरी इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे जण ‘धाकटी’च म्हणत. याचे श्रेय तिच्या थोरल्या बहिणीला. ताई त्या धुलाईघराची मुकादम होती आणि तिनेच एके काळी या बहिणीला हाताला धरून तिथे आणले होते. “ही आमची धाकटी,” एवढीच ओळख तिने करून दिली. पुढे ताई निवृत्त झाली, पण ती ओळख मात्र नोकरीत कायम राहिली.

धुलाईघराचे काम एकट्याने होण्यासारखे नसते. यंत्रातून निघालेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, एक हिसका देऊन ताणायची, मधोमध दुमडायची आणि मग एकीने पावले टाकत जाऊन आपली टोके दुसरीच्या हातात द्यायची. दिवसभर असे लांब जायचे आणि जवळ यायचे. ताई गेल्यावर समोरच्या टोकाला जी बाई आली तिला धाकटी ‘जोडीदारीण’ म्हणे. ही जोडीदारीण अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. चादर जवळ आणता आणता ती एक वाक्य बोले आणि लांब जाता जाता त्यावर स्वतःच हसे. धाकटी तिच्या नेमकी उलट. रस्ता ओलांडताना ती दोन्ही बाजूंना बघे, पुन्हा एकदा बघे, आणि तरीही शेजारी उभ्या असलेल्या कुणा अनोळखी बाईचा दंड धरूनच पलीकडे जाई.

त्या हिवाळ्यात ताई आपल्या इमारतीच्या जिन्यावरून घसरली. मांडीचे हाड मोडले आणि यथावकाश सांधलेही. डॉक्टरांनी हातात काठी दिली आणि भरपूर चाला म्हणून सांगितले. ताई घरातल्या घरात चाले; पण दार उघडून जिन्याच्या पहिल्या पायरीशी आली की तिचा पाय जणू फरशीला चिकटे आणि ती परत फिरे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तिने खुर्ची टाकली. भाजी, औषधे, वर्तमानपत्र दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर येऊ लागले. जिच्या नुसत्या खाकरण्याने सगळ्या धुलाईघराची कुजबूज थांबे, ती बाई आता भाजीवाल्याने टोपली वाकडी बांधली म्हणून वरून त्याची हजेरी घेण्यात दिवस घालवू लागली. डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितले, की उन्हाळ्याच्या आत जिना उतरायला लागला नाहीत तर पाय असाच आखडून राहील.

धाकटी रोज कामावरून सुटली की तिच्याकडे जाई आणि नाना परींनी आर्जवे करी.

“दोन पायऱ्या, ताई. फक्त दोन. मी आहे ना खालच्या बाजूला.”

“तू खाली असणार म्हणूनच तर भीती वाटते,” ताई म्हणाली. “मी पडले तर तू आधी किंचाळशील आणि मग बाजूला होशील.”

“मी नाही हं बाजूला होणार.”

“अगं, तू आपल्या सावलीला बिचकणारी! ज्या दिवशी तू सायकल चालवशील ना, त्या दिवशी मी जिना उतरेन.”

ताई हे केवळ तोंड बंद करण्यासाठी म्हणाली होती. धाकटीने ते मनावर घेतले. तिने पेला विसळला, ओटा पुसला, पायांत चपला घातल्या आणि दाराशी जाऊन विचारले, “खरंच उतरशील?”

“माझ्या डोळ्यांनी बघितलं तर. कुणी येऊन सांगितलेलं चालायचं नाही. माझ्या घराशी सायकलवर ये, मला चालवून दाखव, मग बघ.”

दुसऱ्या दिवशी चादर जवळ आणता आणता धाकटीने हे जोडीदारणीला सांगितले. जोडीदारीण चादर हातातून सोडून हसली. मग हसू आवरून म्हणाली, “आज जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात ये.”

मागच्या अंगणात पाण्याची एक मोठी गोल टाकी होती आणि तिला टेकून इस्पितळाच्या निरोप्याची जुनी, आता कुणी वापरत नसलेली सायकल उभी होती. जोडीदारणीने तिची बैठक पार खाली बसवली, चाकांत हवा भरली आणि धाकटीला वर चढवून मागून धरले. त्या दिवसापासून रोज जेवणाची सुट्टी टाकीभोवती जाऊ लागली. धाकटी पडली, कोपर सोलवटले, पुन्हा चढली. “मागे बघू नको! मी धरलंय!” असे ओरडत जोडीदारीण मागून धावे, आणि एके दुपारी तोच आवाज टाकीच्या पलीकडून आला तेव्हा धाकटीला कळले, की आपल्याला कुणीही धरलेले नाही. तिने अशी काही आरोळी ठोकली, की इस्त्रीच्या खोलीतल्या बायका हातातले काम टाकून बाहेर आल्या.

सायकल आली खरी, पण त्यात एक गोम राहून गेली. टाकीच्या एका अंगाला वाफ बाहेर सोडणारी नळी होती. एका दिशेने फिरले तर तिची वाफ पाठीला लागे, उलट दिशेने फिरले तर थेट तोंडावर येई. साहजिकच धाकटी सारा काळ एकाच दिशेने फिरली आणि टाकी सदैव तिच्या डाव्या हाताला राहिली. परिणामी तिला सरळ जाता येई, डावीकडे अगदी झोकात वळता येई. उजवीकडे मात्र तिला मुळीच वळता येत नसे.

“उजवीकडे वळ ना!” जोडीदारीण ओरडे.

“वळतेच आहे की!”

“हे डावीकडे आहे, बाई!”

“ते मला नको, हँडलला सांग!”

वसंताच्या सुरुवातीला शहरात एक सायकलफेरी निघे. त्या रविवारी दुपारपर्यंत मधल्या रस्त्यांवर मोटारी बंद असत आणि हौशी मंडळी रमतगमत शहरभर हिंडत. फेरी काढत ते एक निवृत्त पोस्टमन. त्यांना सारे टपालकाका म्हणत. जोडीदारणीने त्यांना रस्ता विचारला आणि आनंदाने टाळीच वाजवली. इस्पितळाच्या फाटकापासून नाकासमोर बाजारातून जायचे, पूल ओलांडायचा, घड्याळाच्या चौकात उजवीकडे वळायचे. त्या उजवीकडच्या रस्त्यावरची दुसरीच इमारत ताईची!

“पण उजवीकडे,” धाकटी म्हणाली.

“चौकात उतरायचं, सायकल हातानं वळवायची, पुन्हा चढायचं. एवढ्या गर्दीत कोण बघतंय तुला?”

बेत ठरला. धाकटीने ताईला निरोप दिला, की रविवारी सकाळी गॅलरीत बस. ताई म्हणाली, मी कुठे नाचायला जाणार आहे, तिथेच तर असते.

रविवार उजाडला तो असा, की घरात बसणे गुन्हा वाटावा. रस्त्याकडेची झाडे पिवळ्या मोहोराने लदबदली होती, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी फुलांची भुकटी उडे आणि फाटकाशी जमलेल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी सणसणीत शिंकत होते. चाळीसेक सायकली होत्या. कुणाच्या हँडलला फुगा, कुणाच्या मागच्या बैठकीवर पेंगणारे पोर, कुणाचा कुत्रा टोपलीत ऐटीत बसलेला. धाकटीच्या छातीत धडधडत होते. पण ती नुसती भीती नव्हे, हे तिचे तिलाच जाणवले आणि तिला उगीचच हसू येऊ लागले.

टपालकाकांनी शिट्टी फुंकली. “नव्यांसाठी आपला नियम सांगतो. आपल्यात जो सगळ्यांत सावकाश चालवतो, तो सगळ्यांत पुढे. त्याला कुणी मागे टाकायचं नाही, आणि तो वळेल तिथं मुकाट वळायचं. पूर्वी आम्ही वेगवाल्यांना पुढे सोडायचो. मग मागचे बिचारे रडत घरी जायचे. मी स्वतः सगळ्यांत शेवटी असतो. हं, तर आज सगळ्यांत सावकाश कोण?”

कुणी काही बोलायच्या आत जोडीदारणीचा हात नको तितक्या उत्साहाने वर गेला. “ही! ही माझ्याशेजारची! हिच्याहून सावकाश फक्त भिंती असतील.”

“अगं ए, गप!” धाकटीने तिला कोपराने ढोसले. पण काकांनी तिला पुढे बोलावलेही आणि “या वहिनी, आज तुम्ही आमच्या सेनापती,” असे म्हणून ते शेपटाकडे निघूनही गेले.

जोडीदारणीला आपण काय करून बसलो याचा उमज तेव्हा पडला. “चौकात उतरलीस तर मागचे चाळीस जण एकमेकांवर आदळतील की गं,” ती कुजबुजली.

“हे तुला आत्ता सुचलं?”

शिट्टी वाजली. मागे चाळीस घंट्या एकदम किणकिणल्या आणि धाकटीने पायडल मारले.

पहिले काही क्षण तिला काही दिसलेच नाही, फक्त पुढचे चाक आणि त्याखाली सरकणारा डांबराचा पट्टा. मग मान वर झाली. रोज बसच्या खिडकीतून माणसांच्या खांद्यांमधून तुकड्यातुकड्याने दिसणारा रस्ता आज सबंधच्या सबंध तिच्यासमोर पसरला होता आणि त्यावर तिच्यापुढे कुणीही नव्हते. घड्याळदुरुस्तीचे दुकान आले आणि गेले. पडदेवाल्याच्या दारात टांगलेले कापड तिच्या खांद्याला चाटून गेले. एका खिडकीतून कुणीतरी ओरडले, “अहो, जरा वेगात!” आणि मागून जोडीदारणीने तिथल्या तिथे परतफेड केली, “तुम्ही या की ढकलायला!” फुलांची भुकटी धाकटीच्या केसांत, भुवयांत बसली. ती गाणे म्हणत नव्हती एवढेच. बाकी सारे अंग गातच होते.

पुलाचा चढ तिने नेटाने काढला. धाप लागली, मांड्या भरून आल्या, पण माथा आला, खाली नदी चकाकली आणि उतार सुरू झाला. इथे मात्र सायकलने तिचा सल्ला घेणे सोडून दिले. वारा कानांत घोंघावू लागला. चौकातले घड्याळ मोठे मोठे होत समोर येऊ लागले. उजवीकडच्या रस्त्यावर ताईच्या इमारतीची कड दिसली, गॅलरीचा कठडा दिसला, कठड्यामागे काहीतरी हललेसे वाटले.

“उजवीकडे!” जोडीदारीण मागून ओरडली.

धाकटीने दात आवळले, उजवा खांदा झुकवला, मनाने ती उजवीकडे वळलीसुद्धा. अंग मात्र टाकीभोवतीच शिकलेले होते. सायकल एक सुंदर, डौलदार वळण घेऊन डावीकडे गेली.

आणि नियम तो नियम! तिच्यामागे जोडीदारीण वळली, तिच्यामागे फुगेवाला वळला, कुत्रेवाली वळली. घंट्या वाजवीत, चौकातल्या बघ्यांना हात करीत चाळीसच्या चाळीस सायकली डावीकडे गेल्या. शेवटी असलेल्या टपालकाकांना हे कळले तेव्हा सारी फेरी रस्ता सोडून पार पुढे गेली होती. त्यांनी शिट्टी फुंकली, पण पुढच्यांनी ती प्रोत्साहन समजून आणखी जोरात घंट्या वाजवल्या.

“आता काय करू?” धाकटी मागे न बघता ओरडली. मागे बघितले की ती पडत असे.

“चालव! नुसती चालव!”

ताईच्या घराकडे पाठ करून आपण लांब लांब चाललो आहोत, हे तिच्या ध्यानात आले. वर बसलेल्या ताईने काय पाहिले असेल? चौकातून रंगीबेरंगी सायकलींची एक रांग आली आणि भलतीकडेच गेली. ‘आली नाही,’ असे म्हणून ती खुर्ची आत ओढेल आणि पुन्हा जिन्याचे नाव काढणार नाही. छे! तसे होऊ द्यायचे नाही. उजवीकडे जमत नाही ना? मग डावीकडे तर जमते!

ती नदीच्या दिशेने उतरणाऱ्या गल्लीत डावीकडे वळली. गल्लीच्या टोकाला नदीकाठचा पायरस्ता होता, तिथे पुन्हा डावीकडे. ओला गारवा अंगावर आला. ज्या पुलावरून मघाशी वारा पीत आली त्याच्याच कमानीखालून सगळी रांग गेली. कमानीखाली आवाज घुमतो हे एका पोराला कळले, त्याने ‘ओऽऽ’ केले, आणि मग चाळीस जणांनी मिळून असा काही गजर केला, की पाण्यावरची बदके फडफडत उडाली.

“वहिनी, हा रस्ता तर मी पण कधी घेतला नव्हता!” मागून कुणीतरी खूश होऊन म्हणाले. रस्ता चुकला आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हते.

कमान मागे पडली आणि पुन्हा एक गल्ली डाव्या हाताला आली. अरुंद, दोन्हीकडे भिंती, वर वाळत घातलेले कपडे. धाकटी तिच्यात शिरली. समोर भिंत आली, त्या भिंतीत एक लहान दार, दारावर पत्र्याचे छप्पर. तिने पाय टेकले. छपराखाली जाऊन तिची सायकल भिंतीला टेकलीच.

ही ताईची इमारत होती. पण मागची बाजू. ताईची गॅलरी पुढच्या रस्त्यावर, आणि पुढे जायला इथून वाट नव्हती.

मागे रांग येत राहिली आणि थांबत राहिली. गल्ली गच्च भरली. पुढे काय झाले हे न कळल्यामुळे मागचे घंट्या वाजवू लागले, त्यांचे ऐकून पुढचे वाजवू लागले. दोन उंच भिंतींमध्ये सापडलेला तो किणकिणाट चार मजले वर चढला. खिडक्या उघडल्या. धाकटीला रडू कोसळायच्या बेतात होते. एवढ्यात जोडीदारणीने तिचा दंड गच्च धरला.

“वर बघ! नाही, तू नको बघू, तू छपराखालीच राहा. मी सांगते. जिन्याच्या खिडकीत तुझी ताई आहे.”

“जिन्याच्या? ती दाराबाहेर आलीये?”

“तिसऱ्या मजल्याच्या वळणावर. मान वळवतेय. तुला शोधतेय.”

मागच्या बाजूला ताईच्या घराला खिडकीच नव्हती. हा कल्लोळ कसला हे बघायचे तर जिन्याच्या वळणावरच यावे लागे. आणि तिथून सगळ्या सायकली दिसत होत्या, फक्त पत्र्याखालची सोडून.

“धाकटे!” वरून आवाज आला. “अगं, तू आहेस का त्या घोळक्यात?”

धाकटीने उत्तर द्यायला तोंड उघडले. जोडीदारणीने त्यावर हात ठेवला. “एक शब्द बोललीस तर बघ!”

वरचा आवाज थांबला. मग जोडीदारीण हळूच म्हणाली, “गेली. खिडकीत नाही.”

“आत गेली असेल,” धाकटी बोटांच्या फटीतून पुटपुटली.

“आली! दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत! अगं, उतरली की!”

आता आसपासच्यांनाही काहीतरी घडते आहे याचा वास लागला. फुगेवाल्याला जोडीदारणीने दोन वाक्यांत सांगितले, त्याने मागच्याला सांगितले, आणि बघता बघता सारी गल्ली गप्प होऊन वर बघू लागली. भिंतीपलीकडून काठीचा ठोका आला. थांबला. पुन्हा आला. धाकटीने आपला कान भिंतीला लावला. आपण आत धावत जावे, तिला धरावे, असे तिला इतके वाटले की तिने दोन्ही हातांनी हँडल आवळून धरले.

“पहिला मजला,” जोडीदारीण म्हणाली.

मग खिडकीत कुणी दिसले नाही. काठी मात्र वाजत होती. आतून कडी सरकली, दार उघडले आणि घरातल्या सपाता घातलेली, घामाने डबडबलेली ताई पत्र्याखाली येऊन बहिणीसमोर उभी राहिली.

“तू इथे आहेस? आणि उत्तर द्यायला तोंड नाही? मला वाटलं, पडलीबिडलीस कुठे!”

“ताई, तू खाली आलीस.”

“खाली? हो मग, वरून दिसत नव्हतीस म्हणून...” ताई बोलता बोलता थांबली. तिने पायाखालच्या फरशीकडे पाहिले, मागच्या अंधाऱ्या जिन्याकडे पाहिले. गल्लीत टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की ती दचकून काठीवर रेलली.

“ही कोण सगळी माणसं?”

“माझ्यामागे आलीत.”

“तुझ्यामागे? मुद्दाम?” ताईच्या चेहऱ्यावर थक्क झाल्याचा भाव उमटला आणि लगेच मुकादमाचा करडेपणा परतला. “ते राहू दे. मी तुला चालवताना अजून बघितलेलं नाही. उभ्या सायकलीशेजारी कुणीही उभं राहील. हे काही मी धरायची नाही.”

“ताई, तुम्ही उतरून बसलात की!” जोडीदारीण कळवळून म्हणाली.

“ते चुकून झालं,” ताई म्हणाली. “मी ठरवून कुठे उतरले?”

टपालकाका गर्दीतून वाट काढीत येऊन पोहोचले होते. त्यांना रागवायचे होते असे त्यांच्या शिट्टीवरून वाटत होते. पण सगळा प्रकार कानावर आल्यावर त्यांनी शिट्टी खिशात टाकली आणि गल्ली रिकामी करायला सांगितले. वळायला जागा नव्हती, म्हणून मंडळींनी सायकली उचलून उलट्या केल्या. आरडाओरडा, हसणे, कुत्र्याचे भुंकणे, एकमेकांच्या चाकांत अडकलेली चाके. सारी फेरी नदीकाठी जाऊन दोन बाजूंना उभी राहिली आणि मधोमध गल्ली मोकळी झाली.

“चढ,” ताई म्हणाली.

धाकटी चढली. हँडल थोडे थरथरले, मग स्थिरावले. दोन्ही भिंती हलके हलके मागे सरकू लागल्या आणि समोर उन्हात चकाकणारी नदी रुंदावू लागली.

“पाठ ताठ!” मागून हुकूम आला. “खांदे सैल सोड! अगं, ब्रेकवर कशाला बोटं, खड्डा आहे का पुढे?” आवाज जसाच्या तसा जवळ राहिला. धाकटीने पायडल जरा जोरात मारले, तरी तो मागे पडेना. हुकमांच्या मधेमधे काठीचे ठोके होते, आणि सपातांची फटफट, आणि धापा. गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली जोडीदारीण दोघींकडे बघत दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती. टपालकाका तिच्या शेजारी टाळ्या वाजवीत होते.

“कुठवर येतेस, ताई?” धाकटीने समोर बघतच विचारले.

“तू बोलू नकोस, समोर बघ. दिसतेस तिथवर येते.”

धाकटी नदीकाठच्या उन्हात निघाली. वेग तिने मुद्दामच आणखी कमी केला.